रिपोर्ट अडकतोय? टाइमआउट वाढवण्याआधी या चुका टाळा

मार्चअखेर आली की अकाउंट्सकडून हमखास तक्रार येते: वर्षभराचा लेजर निघत नाही, ५०४ (उत्तर वेळेत आलं नाही अशी एरर) दिसतंय. मग कोणीतरी एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधला ६० सेकंदांचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मुदत) ६०० करून मोकळा होतो. नेमकी इथेच पहिली चूक होते.

वाटेत घड्याळं अनेक आहेत. पायथन अ‍ॅप चालवणारा गुनिकॉर्न डिफॉल्टने ३० सेकंदांनी वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) मारतो, रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटून देणारा एडब्ल्यूएसचा लोड बॅलन्सर ६० सेकंद शांतता सहन करतो. एक घड्याळ पुढे ढकललं की दुसरं वाजतं. सगळी ढकलली, तरी प्रत्येक रिपोर्ट एक वर्कर अडवून बसतो. चार वर्कर असतील आणि चौघांनी एकदम रिपोर्ट मागितला, तर पाचव्याला लॉगिनचं पानही उघडत नाही.

याहून घातक गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. ब्राउझर बंद झाला, वर्कर मेला, तरी पोस्टग्रेस या डेटाबेसमधली क्वेरी चालूच राहते. ऐकणारं कोणी उरलं नाही हे डेटाबेसला बहुधा निकाल पाठवतानाच कळतं. तोवर वापरणाऱ्याने चार वेळा रिफ्रेश मारलेलं असतं आणि तीच अवजड क्वेरी पाच जागी दळत असते. ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’ (पोस्टग्रेसमधली चालू कामांची यादी) उघडून पाहा, एकसारख्या ओळी दिसतील. त्या क्वेरी ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ या फंक्शनने थांबवा. सर्व्हरवर जाऊन ‘किल -९’ (प्रोसेस जबरदस्तीने मारणारी कमांड) मात्र चुकूनही नको: एक प्रोसेस तशी मारली की पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शनंही तोडतो आणि रिकव्हरीत जातो. आवृत्ती १४ पासून क्लायंट जिवंत आहे का हे मधूनमधून तपासायची सेटिंग आली आहे, पण ती मुळात बंद असते.

एका क्वेरीला किती वेळ द्यायचा हे ठरवणाऱ्या ‘स्टेटमेंट_टाइमआउट’चंही तसंच. डिफॉल्ट शून्य, म्हणजे मर्यादाच नाही. वेबसाठी आणि रिपोर्टसाठी डेटाबेसमध्ये वेगळे रोल (यूजर) करा; पहिल्याला १५ सेकंद, दुसऱ्याला २० मिनिटं, असं काहीतरी.

खरा उपाय म्हणजे रिक्वेस्टने रिपोर्टची वाट पाहूच नये. बटण दाबलं की टेबलमध्ये नोंद करा (कोणी मागितला, कोणते फिल्टर, स्थिती काय), २०२ (‘विनंती स्वीकारली, काम बाकी आहे’ असा कोड) आणि नोंदीचा क्रमांक परत द्या. काम सेलेरी किंवा साइडकिकसारख्या बॅकग्राउंड वर्करने करावं, पडद्याने दर काही सेकंदांनी स्थिती विचारावी. त्याच माणसाची, त्याच फिल्टरची नोंद आधीच चालू असेल तर नवी न करता तोच क्रमांक द्या. ही एक अट बहुतेक जण विसरतात, आणि मग रिफ्रेशचा तोच गोंधळ कामांच्या क्यूमध्ये जसाच्या तसा उभा राहतो.

रिपोर्ट रेप्लिकावर (मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) हलवला की सुटलो, असंही नाही. मुख्य सर्व्हरवरचे बदल लावण्याच्या आड क्वेरी आली, तर रेप्लिका डिफॉल्टने ३० सेकंद थांबून ती रद्द करते. ही मुदत वाढवता येते, पण मग रेप्लिका मागे पडते.

वर्करची मेमरी फुगत असेल तर कर्सर (क्वेरीच्या ओळी वाचायचं साधन) पाहा. पायथनला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या सायकोपीजी२चा साधा कर्सर सगळ्या ओळी एकदम मेमरीत ओढतो. नाव दिलेला कर्सर त्या डेटाबेसकडून डिफॉल्टने २००० च्या तुकड्यांत आणतो. तसंच फाइलमध्ये लिहीत जा.

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. आणि सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये असूनही सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग ओळखू देणारी अदृश्य खूण) नसेल, तर एक्सेलमध्ये मराठी नावांची बहुतेकदा अगम्य चिन्हं होतात.