दूध पुरत नाही असं वाटतंय? आधी या चुका टाळा

बाळंतिणीच्या खोलीत बाळ रडलं की कुणीतरी म्हणतंच, "दूध पुरत नाही गं तुझं." अंगावरचं दूध तुटायला बहुतेक घरांत इथूनच सुरुवात होते. दूध खरोखर कमी असलेल्या आया थोड्या. पुरत नाही अशी समजूत होऊन वरचं सुरू करणाऱ्या खूप. वरच्या दुधानं पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध कमी तयार होतं. हळूहळू ते खरंच आटतं आणि सगळ्यांना वाटतं, अंदाज बरोबर होता.

रडण्यावरून दुधाचा हिशेब करू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि दोनेक आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत आलं असेल, तर दूध पुरतंय. शू कमी होत असेल, बाळ मलूल असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या. संध्याकाळी बाळ तासन्‌तास छाती सोडत नाही, तेव्हा घाबरू नका. जास्त ओढून ते दूध वाढवून घेत असतं.

दुसरी चूक पहिल्याच तासात होते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली ८८ टक्क्यांहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात छातीशी लागलेली बाळं ४२ टक्क्यांच्या आसपासच. सिझेरियन झालं म्हणून बाळ बाजूला ठेवलं जातं. आई शुद्धीवर असेल आणि दोघांची तब्येत ठीक असेल, तर आडवं पडूनही पाजता येतं. हे बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. पिवळसर चीक पिळून टाकू नका. मध तर वर्षभर चाटवूच नका, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

माझ्या बहिणीच्या वेळी तिसऱ्या दिवशी आम्ही पावडरचा डबा आणला होता. बोंड्यांना भेगा पडलेल्या, ती रडत पाजायची. एका अनुभवी नर्सबाईंनी बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं आणि तोंड मोठं उघडल्यावर नुसती बोंडी न देता भोवतालचा काळा भागही आत जाईल असं धरायला शिकवलं. दुखणं दोन दिवसांत उतरलं, डबा फोडलाच नाही. पाजताना दुखत राहणं सोसू नका. बहुतेकदा बाळाची पकड चुकलेली असते.

नोकरी करणाऱ्यांनी रजेचं गणित नीट मांडावं. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, पण त्यातले आठ बाळंतपणाआधी गेले तर नंतर १८ उरतात, म्हणजे जेमतेम चार महिने. निव्वळ अंगावर पाजायचं ते सहा महिने. जमेल तितकी रजा बाळंतपणानंतरसाठी राखा आणि रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे दूध काढायची सवय करा. काढलेलं दूध झाकून फ्रिजमध्ये दिवसभर टिकतं. ते बाटलीनं न देता वाटी-चमच्यानं द्या. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, तो मागा. शेतमजूर आणि धुणीभांडी करणाऱ्या बायांना यातलं काहीच मिळत नाही, हे मला फार लागतं.

आणि घरच्यांनो, रात्री पाजून झाल्यावर ढेकर काढायला, लंगोट बदलायला बाबानं उठावं. तेवढी झोप बाळंतिणीला हवीच.