पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा : कारण ओळखावे आणि उपचार निवडावा

वर्गात दिवसभर उभे राहणारे शिक्षक, वाहतूक पोलीस आणि ओट्यापाशी तासन्‌तास राबणाऱ्या स्त्रिया यांच्या पोटऱ्यांवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा पुष्कळदा दिसतात. त्यांनाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. दोष रक्तात नसतो, शिरांमधल्या झडपांत असतो. म्हणून रक्तशुद्धीची औषधे घेऊन हा विकार बरा होत नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकलले जाते आणि झडपा ते खाली उतरू देत नाहीत. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचते, दाब वाढतो आणि शीर ताणून फुगते. आईवडिलांना हा त्रास असेल तर मुलांनाही होण्याचा संभव वाढतो. वय, वजन आणि उभे राहण्याचे काम त्यात भर घालतात. गरोदरपणी फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात, त्यामुळे तेव्हा शस्त्रक्रियेची घाई करू नये.

शिरांपेक्षा घोट्याच्या आतल्या बाजूच्या त्वचेकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तेथे खाज सुटू लागली, कातडी तपकिरी होऊन बोटाला टणक लागू लागली, तर पुढे त्याच जागी न भरणारी जखम होण्याची भीती असते. अशा वेळी मलमे बदलत न बसता रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांना पाय दाखवावा. ते रुग्णाला उभे करून डॉप्लर सोनोग्राफी करतात. कोणती झडप गळते आणि आतल्या खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे त्यात कळते. या तपासणीवाचून कोणताही उपचार ठरवू नये.

दाबाचे मोजे त्रास कमी करतात, मात्र झडप दुरुस्त करीत नाहीत. ते सकाळी, पायांवर सूज चढण्यापूर्वी घालावेत : मोजा टाचेपर्यंत उलटा करावा, पाऊल व टाच नीट बसवावी आणि मग चुणी न पडू देता हळूहळू वर ओढावा. वरची कड दुमडू नये, कारण तेथे पाय करकचून आवळला जातो. मधुमेह असल्यास किंवा पायाच्या धमन्यांत अडथळा असल्याची शंका असल्यास धमन्यांची तपासणी आधी करून घ्यावी; रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला हा दाब घातक ठरतो.

लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने सदोष शीर आतून उष्णता देऊन बंद करता येते. हे बहुधा पाय बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी चालू लागतो. शीर बंद केल्यावर रक्त कोठून जाणार, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. पायातले बहुतांश रक्त मुळात खोल शिरांतूनच परतते, म्हणून अडचण येत नाही. हे शक्य नसेल तर फेसाळ औषधाचे इंजेक्शन, आणि त्यानंतर शीर काढून टाकण्याची जुनी शस्त्रक्रिया, असा क्रम आज सामान्यतः पाळला जातो. कोणत्याही उपचारानंतर काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात, हे आधीच विचारून घ्यावे.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो चोळू नये. आत गुठळी असू शकते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शीर फुटून रक्त वाहू लागले तर रुग्णाला ताबडतोब आडवे करावे, पाय हृदयापेक्षा वर धरावा आणि स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबून ठेवावी. दहा मिनिटे तरी कापड उचलून पाहू नये, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणाला तरी १०८ वर फोन करायला सांगावे.