अ‍ॅनाफिलॅक्सिस: दवाखान्यातली पहिली काही मिनिटं

इंजेक्शन घेतल्यावर, मधमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर थोड्याच वेळात धाप लागली, आवाज घोगरा झाला, जीभ सुजली किंवा बीपी पडलं, तर अ‍ॅनाफिलॅक्सिसच, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी, धरून चाला. अंगावर पित्त उठण्याची वाट पाहू नका. दहा-वीस टक्के रुग्णांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही. उलट नुसत्या गांधी उठल्या आहेत, श्वास-बीपी ठीक आहे, उलट्या वगैरे नाहीत, तर अँटिहिस्टामिन (अ‍ॅलर्जीचं नेहमीचं औषध) पुरतं. नजर मात्र ठेवावी. सुईच्या भीतीनं आलेली घेरी वेगळी: तिच्यात नाडी मंद असते आणि आडवं केलं की माणूस सावरतो.

पहिलं औषध अ‍ॅड्रिनॅलिन, 1:1000, म्हणजे 1 मिलीत 1 मिग्रॅ. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. वेळ नसेल तर कपड्यावरूनही चालतं.

12 वर्षांवरील: 0.5 मिली
6 ते 12 वर्षं: 0.3 मिली
6 महिने ते 6 वर्षं: 0.15 मिली
त्याहून लहान: 0.1 ते 0.15 मिली

गडबड होते ती सिरिंजवर. इन्सुलिनची सिरिंज हाताशी असते म्हणून उचलली जाते. पण तिची सुई आखूड, औषध चरबीतच राहतं आणि सावकाश शोषलं जातं. शिवाय तिच्यावरच्या खुणा युनिटच्या, घाईत चुकीच्या वाचल्या जातात. 1 मिलीची साधी सिरिंज आणि 23 नंबरची 25 मिमी सुई घ्या. रुग्ण स्थूल असेल तर 38 मिमी. हाच डोस शिरेतून देऊ नका, हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. रुग्ण हृदयविकाराचा आहे म्हणून स्नायूतलं इंजेक्शन टाळणं मात्र चूकच.

रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा. फार धाप असेल तर टेकून बसवा, पण पाय सरळच; गरोदर बाईला डाव्या कुशीवर. बरं वाटतंय म्हणून उभं करू नका, बाथरूमपर्यंतही चालवू नका. रक्त पायांकडे उतरतं, हृदयात परतत नाही आणि क्षणात हृदय थांबू शकतं.

एव्हाना दुसऱ्या कुणी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलेली असावी. ऑक्सिजन जास्त प्रवाहानं लावा. 5 मिनिटांत फरक नसेल तर तोच डोस पुन्हा, दुसऱ्या मांडीत. बीपी पडलेलं असेल तर सलाईन झपाट्यानं: प्रौढांना 500 ते 1000 मिली, मुलांना किलोमागे 10 मिली. छातीत शिट्टी वाजत असेल तर साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन द्या, अर्थात अ‍ॅड्रिनॅलिननंतरच. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयविकाराची एक प्रकारची औषधं) घेणाऱ्यांना अ‍ॅड्रिनॅलिन कमी लागू पडतं. तिथे ग्लुकॅगॉन 1 ते 2 मिग्रॅ शिरेतून, सावकाश.

अँटिहिस्टामिन खाज कमी करतं, पण पडलेलं बीपी सावरत नाही आणि घशाची सूज उतरवत नाही. स्टेरॉईडचा असर तासांनी. ही दोन्ही आधी भरत बसण्यात मोलाची मिनिटं जातात.

लक्षणं ओसरली तरी काही तासांनी पुन्हा उलटू शकतात, म्हणून रुग्णालयात पाठवाच. दोनपेक्षा जास्त डोस लागले किंवा तीव्र दमा असेल तर किमान 12 तास देखरेख हवी. चिठ्ठीवर संशयित कारण, प्रत्येक डोसची वेळ आणि मात्रा लिहा. ट्रिप्टेजसाठी (अशा अ‍ॅलर्जीत रक्तात वाढणारा घटक, निदानाला मदत होते) रक्त घेता आलं तर शक्यतो दोन तासांत, फार तर चार.

तातडीच्या औषधांच्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनॅलिनच्या किमान चार अँप्यूल, सिरिंज, सुया एकत्र ठेवा; कपाटाला कुलूप नको. अँप्यूल उजेडापासून दूर ठेवा, द्रव गुलाबी किंवा तपकिरी दिसला तर फेका. डोसचा तक्ता झाकणाच्या आतून चिकटवा.