वाळूची पारख: ढीग उतरवून घेण्यापूर्वी

घर बांधायला काढले की सिमेंट कोणते आणि सळई किती जाडीची यावर घरात खल होतो. वाळू मात्र ‘मिस्त्री सांगेल ती’ एवढ्यावर सोडून दिली जाते, किंवा फार तर रंग पाहून पसंत केली जाते. रंगावरून कळते ते फक्त तिचे गाव. दख्खनच्या बेसॉल्टवरून वाहणाऱ्या नद्यांची वाळू काळसर करडी असते, विदर्भात कन्हान-वैनगंगेची रेती गारगोटीच्या कणांमुळे पांढुरकी पिवळसर दिसते, आणि कोकणात जांभ्याची तांबूस छटा वाळूत उतरते. सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरातील पांढरी सिलिका वाळू काचेसाठी आणि ओतकामासाठी जाते. तिचा आपल्या भिंतीशी संबंध नाही.

पारख हातापासून सुरू करावी. मूठभर कोरडी वाळू तळहातावर चोळून झाडून टाकावी. तळव्याच्या रेषांत मातकट थर राहिला, तर वाळूत गाळ आहे असे समजावे. खात्रीसाठी काचेची सरळ उभी बरणी घ्यावी, ती निम्मी वाळूने भरावी, वर चमचाभर मीठ घातलेले पाणी ओतून जोरात हलवावी आणि तीन तास धक्का न लावता ठेवावी. मिठामुळे गाळ लवकर खाली बसतो आणि वाळूच्या थरावर त्याचा वेगळा पट्टा दिसतो. वाळूचा थर १०० मिलिमीटर आणि गाळाचा पट्टा ८ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर ती वाळू धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी.

ही बरणीची चाचणी नदीच्या वाळूपुरतीच आहे. दगड फोडून केलेल्या क्रश सँडला ती लावू नये, कारण तिच्यातील बारीक भुकटी बहुतांशी दगडाचीच असते. म्हणूनच आय. एस. ३८३ या भारतीय मानकात ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भागाची मर्यादा नैसर्गिक वाळूला वजनाच्या ३ टक्के, तर क्रश सँडला १५ टक्के आहे. खरी सावधगिरी बाळगायची ती खडी फोडताना उरलेली डस्ट ‘क्रश सँड’ म्हणून माथी मारली जाऊ नये याची. चांगल्या क्रश सँडचे कण बोटांना टोकदार पण ठसठशीत लागतात. डस्टमध्ये चपट्या कपच्या आणि पिठासारखी भुकटी हाताला येते. पेव्हर ब्लॉकखाली अंथरायला डस्ट चालते, स्लॅबला नाही.

काँक्रीटसाठी लहानमोठ्या कणांचे मिश्रण असलेली भरड वाळू घ्यावी. गिलाव्याला बारीक वाळू लागते, पण अतिबारीक वाळू पाणी जास्त मागते आणि गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. विटांच्या बांधकामाला यांच्या मधली, चाळलेली वाळू पुरते.

खाडीची किंवा समुद्राची वाळू न धुता सळईच्या कामात कधीही वापरू नये. तिच्यातील क्लोराइडमुळे सळई गंजते. गिलाव्यातही ती त्रास देते. आमच्या घरी रात्री उतरवलेला एक ढीग कोणी चाखून पाहिला नव्हता, आणि पुढच्याच हिवाळ्यात ओसरीच्या भिंतीवर मिठाचे पांढरे चट्टे, म्हणजे लोणा, फुलले. चिमूटभर वाळू जिभेला लावायला लाजू नये, फक्त नंतर चूळ भरावी.

आता मापाविषयी. वाळू ब्रासवर विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटांत मोजून त्यांच्या गुणाकाराला १०० ने भागावे: १४ × ७.५ × ४ म्हणजे ४२० घनफूट, अर्थात ४.२ ब्रास. वाळू ओलसर असेल तर कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे ती फुगते, आणि हे फुगणे सहज २५ टक्क्यांपर्यंत जाते. अशा एका ब्रासमध्ये कोरडी वाळू ८० घनफूटच असते. फुगवटा पाहण्यासाठी तीच ओलसर वाळू बरणीत न दाबता भरून तिची उंची टिपावी, मग ती पूर्ण बुडेल एवढे पाणी ओतून ढवळावे. खाली बसलेल्या वाळूची उंची म्हणजे तिचे कोरडे माप. गाडीवाल्याशी बोलणी करायची ती या दुसऱ्या मापावर, आणि हौदा रिकामा होण्यापूर्वी.