प्रदर्शनातली गोधडी बघताना

सोलापूरकरांना चादर पारखायला शिकवावं लागत नाही. पण प्रदर्शनात टांगलेल्या कलात्मक गोधडीला वेगळी नजर लागते. जेकार्ड चादरीची नक्षी मागावरच विणली जाते. गोधडीची नक्षी तुकड्यांच्या जोडणीतून आणि धावदोऱ्यातून उमटते. म्हणून आधी आठ-दहा फूट मागे उभं राहून रंगांची मांडणी बघा. मग जवळ जाऊन बाजूने, तिरकं बघा. दाट टाक्यांमुळे कापडावर उठलेल्या लाटा समोरून फारशा कळत नाहीत, आणि खरी मेहनत तिथेच असते.

मागची बाजूही बघायलाच हवी, पण स्वतः उलटू नका. हाताचा घाम आणि तेलकटपणा कापडात उतरतो. शिवणाऱ्या ताई जवळपास असतील तर त्यांना विचारा. इरकलीचा काठ कुठला, जुनं धोतर कुठे दडलंय, हे त्या बहुधा हौसेने दाखवतात.

फोटो दुसऱ्या फेरीत काढा, आवडलेल्यांचेच. आधी नावाची पाटी, लगेच अख्खी गोधडी, मग टाक्यांचा जवळून एक. कुठली कुणाची हा घोळ होत नाही. फ्लॅश मात्र बंद ठेवा. त्याने टाक्यांची सावलीच पुसली जाते.