वादळाआधी झाडाकडे बघायचं ते खालून वर

पाऊस तोंडावर आला की सगळ्यांना एकदम दारातलं झाड आठवतं आणि मग करवतवाल्याला फोन जातो, "जरा हलकं करून द्या". आता हलकं करणं म्हणजे त्याच्या लेखी शेंडाच उडवणं. आम्ही पण एकदा हा शहाणपणा केलाय, झाड पार बोडकं करून घेतलं, वर्षभरात प्रत्येक कापलेल्या ठिकाणी सरळसोट धुमारे फुटले, दिसायला एकदम हिरवंगार, आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्यातलेच दोन जाडजूड धुमारे बुडातून निसटून छपरावर. कारण असं की मूळची फांदी खोडात खोलवर रुतलेली असते, दरवर्षी लाकडाचे थर एकमेकांत गुंतत जातात, पण धुमारा नुसता वरवरच्या थराला धरून असतो, त्यात कापलेल्या जागी दमट हवेत कूज लागते ती वेगळीच. त्यामुळे आल्या आल्या जो शेंड्याकडे बोट दाखवतो त्याला तिथूनच नमस्कार करायचा.

खरं तर आधी बुडाकडे बघायला पाहिजे. मुळं पाताळात गेलेली असतात हा आपला समज, पण बहुतेक मुळं वरच्या ४५ ते ६० सेंमी मातीतच असतात आणि आडवी मात्र फांद्यांच्या घेराच्याही बरीच पुढे जातात. माती चिंब झाली की तिची पकड सुटते आणि तेवढ्यात वारा आला की झाड मुळासकट आडवं. म्हणजे गेल्या दोन-चार वर्षांत पाइप टाकायला चर खणला असेल, फरशी घातली असेल, भराव टाकला असेल तर त्या बाजूची मुळं गेलीत असंच धरा. बुंधा जमिनीपाशी पसरट झालेला दिसला पाहिजे, खांबासारखा सरळ मातीत शिरत असेल तर वर माती चढलीय, ती हाताने हळूहळू बाजूला करा. पालापाचोळा जरूर टाका, ५ ते १० सेंमी थर पुरतो, फक्त बुंध्याला चिकटवून ढीग घालू नका, साल कुजते.

झाड कलतंय म्हणून लगेच घाबरू नका. लहानपणापासून कललेलं आणि शेंडा परत वर वळलेला असेल तर त्याने स्वतःला सावरलेलं असतं. पण कल नवा असेल, उलट्या बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली असेल, बुडाशी अळंब्या उगवल्या असतील तर लगेच जाणकार बोलवायचा. ढोलीचं पण तसंच, पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड नाही, बाहेरचं भरीव लाकूड किती उरलंय ते बघतात (त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असा ढोबळ हिशोब आहे, पण ढोली उघडी असेल किंवा भेग असेल तर तो धरू नका).

बेचकं बघा, हे कोणी बघतच नाही. दोन जाड खोडं यू आकारात फुटली असतील तर ठीक, अरुंद व्ही असेल आणि मध्ये साल दुमडून आत गेली असेल तर ते जोडलेलंच नसतं, वाऱ्यात उभं फाटतं. झाड लहान असतानाच एक खोड कमी केलं की दोन मिनिटांचं काम, मोठं झाल्यावर एक बाजू टप्प्याटप्प्याने आखूड करा नाहीतर वरच्या बाजूला दोन्ही खोडं केबलने एकमेकांना बांधून घ्या.

छाटणी करताना एका वर्षात हिरव्या पसाऱ्याच्या पावभागापेक्षा जास्त काढायचं नाही, आणि आतल्या सगळ्या फांद्या साफ करून फक्त टोकाला झुपका ठेवायचा प्रकार तर अजिबात नको, सगळा भार टोकाला जातो आणि फांदी मोडते. फ्लोरिडात १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर आणि पुढच्या वादळांनंतर विद्यापीठाच्या लोकांनी पडलेली आणि टिकलेली झाडं तपासली, तर नीट छाटलेली आणि घोळक्यातली झाडं जास्त तगलेली दिसली. माडाच्या जातीच्या झाडाच्या हिरव्या झावळ्या काढून झाडाचाच झाडू करू नका, वाळलेल्याच काढा.

जाड फांदीला तीन काप. खोडापासून ३०-४० सेंमीवर खालून थोडा, मग जरा पुढे वरून आरपार, म्हणजे फांदी पडताना साल ओरबाडत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट, तोही फांदीच्या बुडाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या बाहेरून, खोडाला घासून नाही. त्या कड्यातूनच झाड जखम बंद करतं. वर रंग-डांबर फासू नका, त्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते.

माणूस ठरवताना विचारा, चढायला बुटाला खिळे लावता का? जिवंत झाड छाटायला हो म्हणाला तर नको, प्रत्येक खिळा म्हणजे नवी जखम. विम्याचा कागद बघा, कुठल्या फांद्या का काढणार ते लिहून घ्या. आयएसए म्हणून झाडवाल्यांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९२४ पासूनची, तिचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम. आणि हे सगळं वादळाच्या मोसमाच्या काही महिने आधी, कोरड्या दिवसांत.

वादळानंतर तार पडलेली असेल तर झाडाला हात लावू नका, वीज कंपनीलाच कळवा. वाकून दाबलेल्या फांद्या कापताच उसळतात, शिडीवर उभं राहून करवत चालवायची तर नाहीच. छोटं झाड उपटलं असेल तर मुळं ओली ठेवा, एक-दोन दिवसांत उभं करा, माती भरा, दोन बाजूंनी सैलसर आधार द्या आणि वर्षभराने तो आठवणीने काढा, नाहीतर पट्टाच सालीत रुततो.