थंडीत सायकल चालवताना कपडे कसे निवडावेत

घराबाहेर पडताच अंगात छान ऊब वाटत असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त कपडे घातले आहेत. पॅडल मारायला लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत शरीर एवढं तापतं की दारात बरं वाटलेलं जाड जॅकेट आतून ओलं होतं. मग उतार लागतो, पाय थांबतात आणि त्याच ओल्या कपड्यांत हुडहुडी भरते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. म्हणून कपडे घेताना आधी दोन गोष्टी बघायच्या: घाम कुठून बाहेर जाणार आणि वारा कुठे अडणार.

१. तापमान बघा, पण त्यात वेग धरा

ताशी २५ किमी वेगाने जाताना वारा पडलेला असला तरी तेवढा वारा तुम्हाला लागतोच. १० अंशांची हवा मग ७ अंशांसारखी बोचते, ५ अंशांची जेमतेम अर्ध्या-एक अंशासारखी, आणि शून्याला उघड्या कातडीला उणे ६ चा गारठा जाणवतो. समोरून वारा असेल तर आणखी. तापमान निघायच्या वेळचं बघा आणि परतायच्या वेळचंही. पहाटे निघून ऊन वर आल्यावर परतणार असाल, तर काढून खिशात कोंबता येईल असा एक तरी कपडा हवाच.

२. अंगालगतचा थर: सुती नको

सुती बनियन घाम शोषून घेतं आणि धरून ठेवतं. त्याऐवजी पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ, अंगासरशी बसणारा शर्ट घ्या. कापड कातडीला टेकलं नाही तर घाम ओढून घेऊ शकत नाही, त्यामुळे हा थर ढगळ असून उपयोग नाही. पॉलिएस्टर लवकर वाळतं, पण त्याला वास लवकर धरतो. मेरिनो ओली झाली तरी थोडी ऊब देते, मात्र लवकर झिजते. रोज कामावर सायकलने जाणाऱ्याला मेरिनो बरी, जोरात व्यायाम करणाऱ्याला पॉलिएस्टर.

३. मधला थर

आतून मऊ लव असलेली पूर्ण बाह्यांची जर्सी किंवा पातळ फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा कपडा) पुरतं. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले: त्यांच्यामध्ये हवा अडकते, आणि चढावर एक काढताही येतो. झिप गळ्यापासून कमरेपर्यंत पूर्ण उघडणारी हवी. चढ सुरू व्हायच्या आधी ती खाली ओढायची आणि माथ्यावर पोचल्यावर, उतार लागण्यापूर्वी, लावायची. घाम फुटल्यावर झिप उघडून फारसं काही साधत नाही.

४. बाहेरचा थर: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

पाऊस नसताना रेनकोट घालू नका. वारा अडतो खरा, पण वाफ आत कोंडते आणि अर्ध्या तासात बाह्या आतून चिकटायला लागतात. छाती आणि दंडाचा पुढचा भाग वारा अडवणारा, पाठ आणि काखा जाळीदार, असं विंडचीटर शोधा. दुकानात तपासायची सोपी रीत आहे: कापड ओठांना घट्ट लावून जोरात फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. श्वास सहज हाताला लागला तर वाराही तसाच आत येणार.

माप उभं राहून घेऊ नका. पुढे वाका, हँडल धरल्यासारखे हात लांब करा. मनगट उघडं पडलं किंवा पाठ कमरेपाशी दिसू लागली, तर तो कपडा सायकलसाठी नाही. पुढून आखूड आणि मागून लांब ही सायकलच्या जॅकेटची खूण. जॅकेट जवळ नसेल तर जुन्या शर्यतपटूंची युक्ती आजही चालते: उतार लागण्याआधी जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन-तीन पानं सरकवायची.

५. पाय

तापमान १५ अंशांखाली असेल तर गुडघे झाकावेत, असा सायकलस्वारांमध्ये सर्वसाधारण संकेत आहे. गुडघ्यावर चरबी आणि स्नायू कमी, आणि सगळा वारा समोरून तिथेच लागतो. रोजच्या पॅडच्या (बसायच्या जागी गादी शिवलेल्या) शॉर्ट्सवर नी-वॉर्मर, म्हणजे गुडघे झाकणाऱ्या सुट्या बाह्या, चढवले की काम भागतं. ७-८ अंशांखाली आतून लव असलेली पूर्ण लांबीची टाइट्स घ्या. पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं, शिवणी काचतात. साधी पँट घालून जात असाल तर उजव्या पायाला पट्टी बांधा, चेन त्याच बाजूला असते.

६. हाताची आणि पायाची बोटं

धड गरम असूनही बोटं बधिर होतात, कारण गारठ्यात शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करतं. शिवाय सायकलवर बोटं जवळजवळ हलतच नाहीत आणि वाऱ्याच्या तोंडी असतात. हातमोजे घालून ब्रेकचा दांडा एका बोटाने ओढून बघा. जमलं नाही तर मोजे जास्त जाड आहेत आणि धोकादायकही. शून्याखाली दोन-दोन बोटं एकत्र राहतील असे मोजे उपयोगी पडतात, बोटं एकमेकांना ऊब देतात. मोज्याचं मनगट बाहीवर किंवा बाहीखाली नीट बसलं पाहिजे, मध्ये फट नको.

पायांसाठी लोक पायमोज्यांचे दोन जोड चढवून बूट कसून बांधतात, आणि पाय आणखी गार पडतात. दाबामुळे रक्त खेळत नाही आणि आतली हवाही निघून जाते. लोकरीचा एकच जोड घाला, आत बोटं हलली पाहिजेत. क्लीटच्या (पॅडलमध्ये अडकणारा खटका तळाला लावलेल्या) बुटांना तळाशी भोकं असतात, थंडी तिथूनच शिरते. आतला तळवा उचलून त्या भोकांवर चिकटपट्टी लावा, वरून बुटांवरचं वारारोधक आवरण चढवा.

७. डोकं, गळा, डोळे

हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी घाला, गोंड्याची जाड कानटोपी नको. तिच्यामुळे हेल्मेट वर उचललं जातं आणि पडल्यावर नीट वाचवत नाही. टोपी घातल्यावर पट्टा पुन्हा जुळवून घ्या. गळ्याला कापडी नळी असली की गार हवेत ती नाकापर्यंत ओढता येते. मात्र तोंड झाकलं की श्वासाची वाफ चष्म्यावर चढते, म्हणून सिग्नलला थांबल्यावर ती खाली करा. काचा पारदर्शक घ्या, पहाटे काळ्या काचा निरुपयोगी.

भडक पिवळा रंग दिवसा उठून दिसतो, अंधारात नाही. रात्री परावर्तक पट्ट्या लागतात, आणि त्या घोट्यांवर असल्या तर जास्त चांगल्या: वर-खाली होणारे पाय मागच्या गाडीवाल्याला चटकन ओळखू येतात.

८. सगळं मिळून

१५ ते २० अंशांत अर्ध्या बाह्यांची जर्सी, आर्म-वॉर्मर (हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या) आणि खिशात विनाबाह्यांचं विंडचीटर. १० ते १५ मध्ये आतला शर्ट, पूर्ण बाह्यांची जर्सी, नी-वॉर्मर, पातळ हातमोजे. ५ ते १० मध्ये त्यावर पूर्ण विंडचीटर, टाइट्स आणि वारारोधक हातमोजे. ५ च्या खाली मधला थर जाड करा आणि बुटांवरचं आवरण घाला. हळू चालवत असाल तर एक थर वाढवा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर तापमान आणि घातलेले कपडे टिपून ठेवा, प्रत्येकाचं शरीर वेगळं तापतं.

धुताना कापड मऊ करणारं द्रावण वापरू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम ओढून घेणारं महागडं कापड साध्या बनियनसारखं वागायला लागतं.